‘दूध पुरत नाही’ म्हणण्याआधी: बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे

प्रसूती होऊन तीन दिवस झालेले असतात. बाळ रात्रभर रडलेले असते. आईची झोप झालेली नसते, टाके दुखत असतात, आणि घरातले कोणीतरी म्हणते, “हिला दूधच येत नाही, बाळ उपाशी राहतंय.” मग दवाखान्यात फोन येतो, “डॉक्टर, पावडरचं दूध सुरू करू का?”

हा प्रश्न आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ सतत ऐकतो. बहुतेक वेळा आमचे उत्तर असते, “थांबा, आधी बाळाला कसं पाजता ते दाखवा.” कारण ज्यांना खरोखरच दूध तयार होत नाही अशा माता थोड्याच असतात. बाळ अंगाला नीट लागले नाही, कमी वेळा पाजले गेले किंवा घाईने वरचे दूध सुरू झाले म्हणून ज्यांचे दूध कमी होत गेले, अशा माता कितीतरी जास्त असतात.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट होते. घरातल्या सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते आणि आईकडे दुर्लक्ष होते. गर्भारपणात दर महिन्याला तिचे वजन, रक्तदाब, रक्त तपासले जात होते. आता “अंग दुखतंय” म्हटले तरी “होतं असं बाळंतपणात” एवढेच उत्तर मिळते. प्रत्यक्षात हे सहा आठवडे तिच्या शरीरासाठी जोखमीचे असतात. म्हणून या लेखात बाळाचे दूध आणि आईची तब्येत या दोन्ही गोष्टी एकत्र पाहू. त्या एकमेकींपासून वेगळ्या नाहीतच.

पहिले तीन दिवस: चीक थोडाच असतो, पण पुरेसा असतो

प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस स्तनातून घट्टसर, पिवळसर दूध येते. यालाच चीक म्हणतात. तो चमचा-दोन चमचेच निघतो, म्हणून घरच्यांना वाटते की दूध आलेच नाही. पण पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी साधारण ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा दूध मावते. चीक तेवढ्यासाठीच असतो. त्यात रोगप्रतिकारक घटक भरपूर असतात आणि त्यामुळे बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते. चीक ‘खराब दूध’ समजून पिळून टाकू नका.

जन्मानंतर पहिल्या तासाभरातच बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून अंगावर घ्यावे. सिझेरियन झाले असेल तरी आई शुद्धीत आणि स्थिर असल्यास नर्सच्या मदतीने हे करता येते. मध, साखरेचे पाणी, गुटी किंवा गाईचे दूध काहीही चाटवू नये. मधातून होणारा बॉट्युलिझम हा गंभीर आजार टाळण्यासाठी एक वर्षापर्यंत मध देऊच नये.

भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान उतरते. सिझेरियननंतर किंवा प्रसूतीत खूप रक्तस्राव झाला असेल तर एखादा दिवस उशीर होऊ शकतो. नेमक्या याच वाट पाहण्याच्या दिवसांत धीर सुटतो आणि डबा आणला जातो.

दूध कसे तयार होते?

बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूला संदेश जातो आणि दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलते. या दुसऱ्या क्रियेला आपण पान्हा फुटणे म्हणतो. प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे महत्त्वाचे असते. ऑक्सिटोसिनवर मनाचा परिणाम होतो. आई घाबरलेली, दुखण्याने बेजार किंवा सतत टोमणे ऐकत असेल, तर स्तनात दूध असूनही पान्हा अडखळतो. बाळ जवळ असेल, आई निवांत असेल तर तो लवकर फुटतो.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. स्तन जितका रिकामा होतो, तितके दूध पुन्हा तयार होते. भरलेल्या स्तनात निर्मिती मंदावते. आता पावडरच्या दुधाचे काय होते ते पाहा. बाळाचे पोट भरते, ते तीन-चार तास झोपते, तेवढा वेळ चोखत नाही, स्तन भरून राहतो आणि दुसऱ्या दिवशी दूध आणखी कमी येते. मग पावडर वाढते. आठवडाभरात “दूध आटलं” असे सगळे म्हणू लागतात.

बाळ नीट लागले आहे का?

पाजताना दुखत असेल, स्तनाग्रांना चिरा पडल्या असतील किंवा बाळ तासन् तास चोखूनही असमाधानी असेल, तर आधी बाळाची पकड तपासा.

• तुमच्या पाठीला आधार हवा. उशी मांडीवर घेऊन बाळाला वर आणा, तुम्ही बाळावर वाकू नका. सिझेरियन झालेल्या आईने कुशीवर झोपून पाजले किंवा बाळाला काखेखाली धरून पाजले तर टाक्यांवर भार येत नाही.
• बाळाचे डोके, पाठ आणि कंबर एका रेषेत असावी आणि त्याचे पोट तुमच्या पोटाला टेकलेले असावे. मान वळवून प्यायला लागू नये.
• बाळाने जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ केला की त्याला स्तनाजवळ आणा. तोंडात फक्त स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा काळसर भागही गेला पाहिजे, खालच्या बाजूचा जास्त.
• हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गाल फुगीर दिसले पाहिजेत. चुटक-चुटक आवाज येत असेल किंवा गाल आत ओढले जात असतील तर पकड चुकली आहे.

पकड चुकली असेल तर बाळाला ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून हळूच आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. सुरुवातीचे काही क्षण ओढल्यासारखे वाटू शकते, पण पूर्ण वेळ दुखत राहणे बरोबर नाही.

पहिले काही आठवडे बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पिते. घड्याळाकडे पाहून नव्हे, बाळाकडे पाहून पाजा. हात तोंडात घालणे, जीभ बाहेर काढणे, मान इकडेतिकडे फिरवणे ही भुकेची पहिली खूण असते. रडणे ही शेवटची खूण. संध्याकाळी काही बाळे दर अर्ध्या तासाला मागतात. ते दूध कमी असल्याचे लक्षण नसते.

दूध पुरते आहे हे कसे ओळखाल?

रडणे, स्तन मऊ पडणे किंवा हाताने पिळून थोडेच दूध निघणे यावरून काही ठरवू नका. या गोष्टी पाहा:

• पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ २४ तासांत किमान ६ वेळा शू करते आणि ती फिकट असते.
• काळी शी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झालेली असते.
• पिताना गिळल्याचा आवाज येतो आणि पिऊन झाल्यावर बाळ स्वतःहून स्तन सोडते.
• वजन. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटतेच. जन्मवजनाच्या १० टक्क्यांहून जास्त घट झाली तर डॉक्टरांनी पाहायला हवे. साधारण दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनावर परत आले पाहिजे.

हे सगळे ठीक असेल तर तुमचे दूध पुरेसे आहे, शेजारीण काहीही म्हणो. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला पाण्याचीही गरज नसते, अगदी मे महिन्याच्या उन्हाळ्यातही नाही. बालरोगतज्ज्ञ सांगतील ती औषधे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब मात्र द्यायचे असतात.

खरेच कमी पडत असेल तर

शू कमी असेल किंवा वजन वाढत नसेल तर थांबू नका, दाखवायला या. आम्ही आधी पकड आणि पाजण्याची वारंवारता सुधारतो. दर वेळी पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने दूध काढले तरी निर्मिती वाढते. सोबत कारणही शोधावे लागते: गर्भाशयात वारेचा तुकडा राहिला आहे का, थायरॉइड किंवा रक्तक्षय आहे का, पूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे का. बाळाची जीभ खाली जखडलेली असल्यामुळेही त्याला नीट ओढता येत नाही.

एवढे करूनही काही बाळांना वरच्या दुधाची गरज पडते. तेव्हा ते जरूर द्यावे. बाळ उपाशी ठेवून स्तनपान यशस्वी होत नाही. डॉक्टर सांगतील तेवढेच, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात उकळलेल्या पाण्यात करून, वाटी-चमच्याने द्या. काटकसर म्हणून पातळ करू नका. अपुऱ्या दिवसांच्या किंवा अतिशय कमी वजनाच्या बाळांसाठी काही रुग्णालयांत मातृदुग्ध पेढीची सोय असते. आशियातील पहिली अशी पेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली. वरचे दूध द्यावे लागले म्हणून तुम्ही कमी पडलात असे अजिबात नाही.

स्तन दगडासारखे झाले तर

दूध उतरताना स्तन जड, घट्ट आणि दुखरे होतात. पाजण्यापूर्वी थोडा वेळ कोमट शेक घ्या, बोटांनी थोडे दूध काढून काळसर भाग मऊ करा आणि मग बाळाला लावा. पाजून झाल्यावर थंड पाण्याची पट्टी ठेवली की सूज उतरते. गाठ फोडण्यासाठी जोरजोरात चोळू नका, त्याने सूज वाढते.

एखादा भाग लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर ते स्तनदाहाचे लक्षण आहे. अशा वेळी पाजणे बंद करू नका. हे दूध बाळाला बाधत नाही, उलट दूध साचून राहिले तर त्रास वाढतो. एका दिवसात आराम पडला नाही किंवा ताप वाढला तर डॉक्टरांकडे जा. पू झाला असेल तर तो काढावा लागतो.

आईचे शरीर: काय नेहमीचे, काय धोक्याचे?

प्रसूतीनंतर अंगावरून जाणारा स्राव पहिले तीन-चार दिवस लाल, नंतर गुलाबी-तपकिरी आणि मग पिवळट पांढरा होत चार ते सहा आठवड्यांत थांबतो. पाजताना ओटीपोटात कळा येतात, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात जास्त. ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावत असल्याची ती खूण आहे. खोकताना-शिंकताना थोडी लघवी होणे, बद्धकोष्ठता, घाम, केस गळणे हेही अनेकींना होते. लघवी रोखून धरतो तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतो.

पुढीलपैकी काहीही झाले तर मात्र सकाळ होण्याची वाट पाहू नका. प्रसूतीगृहाशी संपर्क करा किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवा:

• तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडणे किंवा थांबत आलेला लाल रक्तस्राव अचानक वाढणे.
• १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात तीव्र वेदना, टाक्यांतून पू.
• तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, छातीखाली उजवीकडे दुखणे, झटके. गर्भारपणात रक्तदाब ठीक असला तरी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत तो वाढू शकतो.
• एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे. ही रक्ताची गुठळी असू शकते.

बाळ सुस्त पडले, पीत नाही, शू होत नाही, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, श्वास जोरात चालतो, अंग तापले किंवा गार पडले, तर बाळालाही लगेच दाखवा.

उगाचच रडू येते, हे चुकीचे आहे का?

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अनेक मातांना कारण नसताना रडू येते, चिडचिड होते. हे बहुधा दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. पण उदासी त्यापुढेही राहिली, बाळ निजले तरी झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, “मी चांगली आई नाही” असे सतत वाटत असेल, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकते. हा नखरा नाही, आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधेही आहेत. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, भलतेच आवाज ऐकू आले, तर आईला एकटी न ठेवता त्याच क्षणी रुग्णालयात न्या.

खाणे, पाणी आणि शेक-शेगडी

डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू खायला हरकत नाही. अळिवात लोह चांगले असते आणि लाडवांतून ऊर्जा मिळते. पण लाडू हे जेवणाच्या जागी नकोत. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. भाकरी-पोळी, वरण, उसळ, पालेभाजी, दूध-ताक, फळे आणि खात असाल तर अंडी-मासे, हे सगळे चालते. “वातूळ आहे” म्हणून डाळी आणि “थंड आहे” म्हणून फळे बंद केली की आईचाच रक्तक्षय वाढतो. पाणी तहान लागेल तेवढे प्या. दर वेळी पाजायला बसताना जवळ तांब्या ठेवा.

लोहाची गोळी प्रसूतीनंतर १८० दिवस रोज आणि कॅल्शियम सहा महिने घ्यायचे असते. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह कमी शोषले जाते.

कोमट तेलाचे हलके मालीश आणि गरम पाण्याची अंघोळ बरी वाटते. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि तो आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. सिझेरियनच्या टाक्यांवर शेक देऊ नका. तिथे बधिरता असल्याने भाजलेले कळत नाही.

पाळी आली नाही, तरी दिवस जाऊ शकतात

पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटते. बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी आलेली नाही आणि बाळ दिवस-रात्र फक्त अंगावर पिते, या तिन्ही अटी पूर्ण असतील तेव्हाच स्तनपानाचा गर्भनिरोधक म्हणून भरवसा धरता येतो. एकही अट तुटली की दुसरा उपाय हवा. तांबी, निरोध आणि ‘छाया’ गोळी पाजणाऱ्या आईला चालते. ‘अंतरा’ इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर घेता येते. नेहमीच्या संयुक्त गोळ्या सहा महिन्यांपर्यंत टाळाव्यात.

कामावर परतताना

नोकरीवर किंवा शेतावर लवकर जावे लागत असेल तर दूध काढून ठेवता येते. स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ते खोलीच्या तापमानाला चार तास, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ आणि फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवसांपर्यंत टिकते. देताना भांडे गरम पाण्यात ठेवून कोमट करा, गॅसवर उकळू नका.

घरच्यांसाठी चार शब्द

बाळाला पाजणे फक्त आईच करू शकते. बाकीचे सगळे तुम्ही करू शकता. लंगोट बदलणे, ढेकर काढणे, अंघोळ, कपडे, पाहुण्यांना आवरणे. बाळ निजले की आईलाही निजू द्या. बाबांनी रात्री बाळाला उचलून आईजवळ दिले तरी तिचा मोठा भार हलका होतो. आजी, मामी, काकू यांच्या अनुभवाचा आईला खरा उपयोग होतो, पण “दूध येतंय ना?” असे दिवसातून दहा वेळा विचारण्याऐवजी एकदा विचारा, “तू जेवलीस का? डोकं दुखत नाही ना? अंगावरून जास्त जात नाही ना?”

तपासणी चुकवू नका. घरी गेल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत, एक-दोन आठवड्यांनी आणि सहाव्या आठवड्याला आई-बाळ दोघांची तपासणी व्हावी. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचे वजन करत असताना तुमच्या तक्रारीही त्यांना सांगा.

सहाव्या आठवड्याला अनेकजणी फक्त बाळाला लस देऊन घरी परततात. त्या दिवशी तुमचाही रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि टाके तपासून घ्या. केसपेपर दोन काढायचे आहेत, एक बाळाचा आणि एक तुमचा.